आतल्या ताई कोण?

४ फेब्रुवारी
माफी असावी. एक जानेवारीला सुरू करायची रोजनिशी आज सुरू होत आहे. चष्मा सापडत नव्हता. लेकाने टॅब पाठवलाय, त्यावर ज्येष्ठांचा ऑनलाइन विज्ञानवर्ग लावला. आठवीत शाळा सुटली, मग चाळीस वर्षं बायंडिंग. हजारो पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही. आता कसर भरून काढणार. संकल्प: रोज दोन धडे.

९ फेब्रुवारी
दोन धडे झाले. (एकूण.) आवाज मोठा ठेवतो, म्हणजे डोळे मिटूनही शिकता येतं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, जरा हळू घोरा, मला धडा ऐकू येत नाही. दुर्लक्ष केलं.

१७ फेब्रुवारी
चाचणीत दहापैकी नऊ! उत्तरं हिने सांगितली, पण बटण मीच दाबलं. चुकलं ते एक मी स्वतः विचार करून दिलेलं.

२४ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
अकराला तोंडी परीक्षा. हिला दाराआड उभं केलंय, नुसता धीर म्हणून. गरज पडणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी
बाईंनी विचारलं, बर्फ पाण्यावर का तरंगतो? दाराआडून कुजबुज आली. मी ठणकावून सांगितलं, बर्फाचं गणित कमी असतं. टॅबवरच्या बारा चौकटींतली बारा म्हातारी माणसं हसली. तेवढ्यात ही ओरडली, घनता हो, घनता! बाई म्हणाल्या, आतल्या ताई कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, कामाच्या बाई आहेत. वर्गातला रिटायर्ड कंडक्टर म्हणाला, मग आम्हालाही अशाच बघून द्या की!
नेटवर्क खराब होतं. नाहीतर मी असं बोललो नसतो.

२५ फेब्रुवारी
 दुपारी हिने पिशवी भरली. म्हणाली, कामाची बाई रजेवर चालली, जेवणाचं तुमचं तुम्ही बघा. बहिणीकडे गेली. दोन दिवसांत येईल. मी ओळखतो हिला.

३ मार्च
आली नाही. फोन उचलत नाही. बाईंचा निरोप आला, त्या ताईंचाही वर्गासाठी अर्ज भरा. लगेच टॅब घेऊन बसलो. नाव भरलं. वय भरलं. पुढचा रकाना: शिक्षण. अडलो. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात कधी विचारलंच नाही. अंदाजाने सातवी टाकलं, माझ्यापेक्षा एक कमी. मग माझीच मला लाज वाटली, पुसलं. तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.
हिला मेसेज केला. तोच इथेही उतरवून ठेवतो: मी चुकलो. तू कितवीपर्यंत शिकलीस? एवढं तरी कळव. लवकर.