पाहुण्यांची खोली आणि तुझे गुडघे

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. खाटेखाली ट्रंक सरकवायला वाकलेच होते, तेव्हा तुझ्या दिशेला तोंड करून उरकून घेतला.) तुझे गुडघे तिथे कसे आहेत ते कळव. इथे ते भलतेच सुजले आहेत. ते कसे, हे ओघात येईलच. तोवर घाबरू नकोस आणि हे पत्र तुझ्या भावाच्या, म्हणजे बाबांच्या, हाती लागू देऊ नकोस.

आधीच सांगते, मला कशाचाही पश्चात्ताप झालेला नाही. हॉस्टेलची आमची अकरा नंबरची खोली तू पाहिली नाहीस, नाहीतर तूही हेच केलं असतंस. भिंतीपलीकडे पाण्याचा पंप. तो सुरू झाला की टेबलावरचं पेन आपोआप चालायला लागतं (परीक्षेत चालत नाही). कपाट उघडायचं तर एकीने खाटेवर चढून बसायचं. बाबांनी मात्र बजावलं होतं की एक तारखेपर्यंत धड खोली मिळाली नाही तर गाशा गुंडाळून घरी यायचं आणि रोज बसने ये-जा करायची, जाताना तीन तास, येताना तीन तास. थोडे दिवस करून बघ, म्हणाले. आत्या, तुलाही दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवरून थोडे दिवसच घरी बोलावलं होतं ना? ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. म्हणून मी घरी जाणार नाही. भीती वाटते, आणि राग त्याहून जास्त येतो.

तर मी आणि माझी खोलीतली मैत्रीण फूटपट्टी खोली शोधायला निघालो. (ती बांधकामाचं शिकते आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, पहिल्या दिवशी तिने माझी उशी मोजली होती.) तिच्याजवळ मोजायची टेप आणि एक काचेची गोटी. गोटी जमिनीवर ठेवायची, घरंगळली की खोली नापास. चोवीस नंबरमध्ये दोघीजणी दोन वर्षं सुखाने नांदत होत्या. आमची गोटी त्यांच्या दारातून निघाली ती थेट खाटेखाली गेली, आणि तेव्हापासून त्या दोघींना चक्कर येते. एकतीस नंबरची खिडकी सुरेख होती, पण तिथली मुलगी खोली सोडायला तयार नव्हती. फूटपट्टीने तिला छताचा बाक दाखवला, तरी नाही. आता ती छताकडे बघत जागी असते असं कळलं. थोडक्यात, खोली एकही मिळाली नाही, पण तीन जणींची झोप उडवून आलो. चांगल्या कामात एवढं व्हायचंच.

मग तुझा मंत्र आठवला. एकतीस वर्षं हेडक्लार्की करून तू आम्हा भाचरांना एवढंच शिकवलंस की तक्रार तोंडी करू नये, लेखी करावी. मी एकोणीस मुद्द्यांचा अर्ज लिहिला. फूटपट्टीने सोबत भिंतीचा नकाशा जोडला, त्यात भेग लाल शाईने. रेक्टरबाई एरवी कुणाचा अर्ज वाचत नाहीत (त्यावर चष्मा ठेवतात), हा मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि कॉलेजच्या इंजिनिअरकडे पाठवला. त्यांनी नकाशा पाहिला, भेग पाहिली, खोली राहण्यास अयोग्य ठरवली आणि दुपारच्या आत कुलूप ठोकलं. आम्ही बाहेर, सामान व्हरांड्यात. दुसरी खोली? दुसरी खोली रिकामीच नाही. भिंत दुरुस्त व्हायला तीन आठवडे. तोवर फूटपट्टीने तिच्या मामीकडे जावं आणि मी घरी. बघ, कसं पायावर धोंडा मारून घेतला! पण धोंडा अव्वल दर्जाचा होता, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. समास बघ.

ट्रंकांवर बसून रडायच्या बेतात होतो (फूटपट्टी थोडी रडलीसुद्धा), तेवढ्यात समोर भिंतीवरचा नियमांचा फलक दिसला. तो लावल्यापासून कुणी वाचला नसावा. नियम सतरा: बाहेरगावाहून आलेल्या स्त्री-पालकास प्रकृती बिघडल्यास बरं वाटेपर्यंत पाहुण्यांच्या खोलीत राहता येईल, सोबत पाल्य व एक मदतनीस. आत्या, ती खोली! दोन खिडक्या, कपाट पुरं उघडतं, आणि गोटी ठेवली तिथे बसून राहते. चार वर्षं नुसती कुलपात पडून होती. नियम आम्ही केलेला नाही. आम्ही तो फक्त वाचला. बाकी सर्व क्षेम. मी कुणापुढे मान तुकवलेली नाही.

तुझी, तुझ्यावरच गेलेली,
भाची

ता. क. वरील मजकुरावरून तुझ्या लक्षात आलंच असेल की तू इथे तीन आठवडे राहायला येणं गरजेचं आहे.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे तू मंगळवारीच आलीस. रजिस्टरात सही आहे. (अक्षर मी तुझंच गिरवून शिकले, त्याला मी काय करू?) जिने चढून तुझे गुडघे सुजले, म्हणून पांघरूण घेऊन पडली आहेस. फूटपट्टीने उशा तुझ्या उंचीच्या मापाने लावल्या आहेत, दोन इंच कमी-जास्त. रेक्टरबाई दारातून दोनदा डोकावल्या, शेकायची पिशवीही देऊन गेल्या; बाई मनाने चांगल्या आहेत. सोमवारी त्या डॉक्टर घेऊन येणार आहेत. तेव्हा रविवारपर्यंत पोच. मागच्या जिन्याने ये, आणि बसमधून उतरल्यापासूनच लंगडायला लाग.

ता. क. तिसरा. खिडकीजवळची खाट तुझी. तुझं हॉस्टेलचं दुसरं वर्ष अर्धं राहिलंय, त्यातले तीन आठवडे तरी वसूल कर. मात्र खोलीत काही खुपलं तर तक्रार करू नकोस. लेखी तर मुळीच नको.