गवसणीतली ढोलकी

शनिवार संध्याकाळ, यिशुन

आज मंडळात देशमुखकाकांचा सत्कार केला. इथे परदेशात वाढणाऱ्या आपल्या पोरांना इतकी वर्षं ढोलकी शिकवतात, म्हणून. शाल, श्रीफळ, भाषणं. सगळ्यात लांबलं ते माझंच! काका मांडीवर ढोलकी घेऊन ऐकत होते. गवसणीची नाडी सोडायचे, पुन्हा बांधायचे. तेवढ्यात हॉलची वेळ संपली आणि त्यांचं वाजवणं राहूनच गेलं. मी माफी मागितली, तर म्हणाले, "अरे, बोललास छान."

चिडले असते तर बरं वाटलं असतं. सकाळपासून ढोलकी सुरात लावत बसले होते, असं काकू म्हणाल्या. ती नाडी काही डोळ्यांसमोरून जात नाही. "काकांनी आपलं संगीत जिवंत ठेवलं," हे मी तीनदा म्हणालो. ऐकू मात्र एकदाही दिलं नाही.