पहिली सही माझीच

रविवार, संध्याकाळ. येरमाळा

राग अजून उतरत नाही. गावच्या उपकेंद्रात वर्षभर नर्स नाही, म्हणून गावानं विधानसभेकडं विनंती अर्ज केला. पहिली सही माझी. शुक्रवारी तो मांडायला उठलो, तर अध्यक्ष म्हणाले, सदस्याला स्वतःचा अर्ज मांडता येत नाही. नाव खोडा, नाहीतर दुसऱ्या सदस्याकडं द्या. मी विचारलं, "आमदार झालो म्हणून गावचा राहिलो नाही का?" शेजारच्या मतदारसंघाचा आमदार ओरडला, "गाव सोडा, मंत्रालय धरा!" सगळे हसले. नियमावर बोलायला गेलो आणि विनोद होऊन खाली बसलो.

आज गावातले चाँदचाचा आले. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आलेत. म्हणालो, चाचा, सही खोडावी लागेल.

"खोडा की. पर ती बघूनच लोकांनी सह्या केल्या. न्हायतर म्हणत व्हते, आमदारालाच भरोसा न्हाय, तर आमी कशाला?"

नियम मला कळतो. सदस्यानं स्वतःचं घर भरू नये. पण नर्स काय माझ्या घरी भाकरी थापायला येणार आहे?

नाही खोडणार. पहिली सही तिथंच राहील. अधिवेशन उद्या संपतंय, अर्ज मांडायला दुसरा कुणी हवा. ज्याचं मंत्री ऐकतात असा आमच्या भागात एकच आहे, तोच परवा ओरडणारा.

आई येडेश्वरी, उद्या त्याच्यापुढं हात जोडेपर्यंत माझी जीभ तेवढी आवरून धर.