चारशे बारावी ओळ

प्रिय ठमे,

गेल्या आठवड्यात तू फोनवर रडत सगळं सांगितलंस. महिनाअखेरीला तुमच्या प्रयोगशाळेची समिती बसणार आणि तिथं प्लेटा कोरणाऱ्या काकांना घरी पाठवणार, कारण त्यांच्या प्लेटा माझ्या प्रोग्रॅमच्या गणिताशी जुळत नाहीत. पाच महिन्यांत अकरा प्लेटा! केसाच्या शंभराव्या भागाएवढी भोकं, हजारो, रांगेनं. आणि तरी दर वेळी गणित सांगतं त्याहून प्रकाश कमीच परततो. काकांचं वय झालं, यंत्र नीट लावत नाहीत, असं सगळे म्हणतात म्हणे. वर तू समितीला लेखी देऊन बसलीस की प्रोग्रॅम चुकणं शक्यच नाही, तो माझ्या दादाचा आहे. ते ऐकलं आणि फोन ठेवून मी तो जुना प्रोग्रॅम उघडला गं.

तुझी ही खोड जुनी. शाळेत माझी मागच्या वर्षीची वही डोळे झाकून उतरवायचीस. एकदा मी तिच्यात मुद्दाम चुकीचं उत्तर लिहून ठेवलं, तू तेही उतरवलंस, वर्गाबाहेर उभी राहिलीस आणि घरी येऊन माझं नाव घेतलं नाहीस. आईनं विचारलं तेव्हा मी साळसूदपणे पुस्तकात डोकं घातलं होतं. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

तो प्रोग्रॅम मी पीएच.डी.च्या प्रबंधासाठी खिडकी नसलेल्या खोलीत, एक पाय मोडलेल्या खुर्चीवर बसून लिहिला. पद्धत तुला पाठच आहे: जागेचे बारीक चौकोन पाडायचे आणि लाट एकेका चौकोनातून पुढे सरकवायची. कडेला लाट गिळणारा पट्टा लागतो, नाहीतर ती आपटून माघारी येते. माझा पट्टा अरुंद होता. रुंद केला तर तेव्हाच्या संगणकावर एकेक उत्तर आठ दिवस खायचं आणि प्रबंध द्यायला उरले होते तीन. शंभर भाग प्रकाश आत सोडला की परतलेला आणि पार गेलेला मिळून एकशे सात भरायचे. वरचे सात काय आभाळातून पडले? कडेला आपटून माघारी आलेली लाटच परतलेल्या प्रकाशात मोजली जात होती. माझ्या मार्गदर्शक सरांच्या नजरेला ते कधी आले नाहीत, कारण मी त्याची सोय केली होती.

ती सोय कोणती, हे सांगायलाच लिहितोय. फोनवर तू म्हणाली असतीस, दादा, थट्टा करतोस ना. आणि मी हो म्हणून मोकळा झालो असतो. चारशे बारावी ओळ बघ. बेरीज काहीही येवो, तिथे मी तिला दामटून शंभरावर बसवलंय. ती ओळ काढ आणि पट्टा तिप्पट रुंद कर. तुझा फोन ठेवल्यापासून मी इथल्या वेगवान संगणकावर तेच चालवत होतो, काल उत्तर आलं. काकांच्या अकराच्या अकरा प्लेटा जुळतात, ठमे! आज सकाळी समितीला आणि माझ्या जुन्या विभागाला सगळं कळवलं. पदवी काढून घेतील, पाठोपाठ नोकरीही जाईल. जाम घाबरलोय, खोटं कशाला बोलू. तू तेवढा तुझा कागद मागे घे, काकांची माफी माग, आणि कुणी विचारलंच तर या खेपेला माझं नाव घे.

तुझाच घाबरट
दादा