लेन्समागचा पापुद्रा

गुरुजी, गुरुवारी सकाळी जप आटोपून मी इथे दिल्लीत आर. के. पुरमहून बस धरली आणि डोळा दाखवायला गेलो. साखरेच्या आजारामुळे मला मोतीबिंदू लवकर झाला. दोन वर्षांपूर्वी लेन्स बसवली, आणि आता त्याच डोळ्याला पुन्हा धुरकट दिसतं. डोळ्यात थेंब घालून बाकावर बसलो होतो, तेव्हा तुमचेच शब्द मनात होते : मोतीबिंदू परत पिकला.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "अंकल, मोतिया दोबारा नहीं होता. लेन्स साफ है, उसके पीछे की झिल्ली धुंधली हुई है." लेन्स कशाची केली आहे, यावर बरंच अवलंबून असतं म्हणे. काही लेन्सचा पदार्थ पाणी धरतो, त्यांच्यामागे हा पापुद्रा लवकर गढूळ होतो. पाणी न धरणाऱ्यांमागे कमी. माझी पाणी धरणारी निघाली. मी विचारलं, पूर्वी शिबिरात कडक प्लास्टिकची बसवायचे, तिचं काय? "उसमें तो काफ़ी होता था. पर लेज़र से पाँच मिनट का काम है." तेव्हाही होतं हे? "बरसों से है, अंकल."

पाच मिनिटांत माझं झालंही. परतीच्या बसमध्ये बसलो आणि तुम्ही आठवलात.

श्रावणातली संध्याकाळ, देवळात तुम्ही पोथी नाकाशी धरली आहे. एक ओवी वाचता, पुढची आठवणीने म्हणता, तिसरीला अडता. मग पोथी मिटून शेजारच्याच्या मांडीवर ठेवता. शिबिरातल्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम दोन श्रावण तुम्ही नीट वाचलंत. त्यानंतर तुमचा फोन आला होता, "मोतीबिंदू परत पिकला. तू दिल्लीत आहेस, मोठ्या दवाखान्यात एकदा विचारून ठेव." आठवड्याने मीच फोन केला आणि म्हणालो, "गुरुजी, वय झालं. आता नामस्मरण करा." तुम्ही "बरं" म्हणालात. चौथीत गणिताचं उत्तर येईना म्हणून मी "देव जाणे" म्हणालो होतो, तेव्हा तुम्हीच मला बाकावर उभं केलं होतंत. "देवाला कशाला त्रास देतोस? तू मोज." त्या फोननंतरची पाच वर्षं, जाईपर्यंत, तुम्ही पोथी हातात घेतली नाहीत.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "फाइलवर शेरा मारतात तसा मारलात की. नामस्मरण करावे, फाइल बंद." मी म्हणालो, श्रद्धेनेच बोललो होतो गं. "अच्छा? मग गुरुजींच्या घरी काकूंना सांगा तसं." तीन दिवस मी फोन उचलायचो आणि खाली ठेवायचो.

आज रविवार. दुपारी काकूंना फोन लावला. पापुद्रा, लेन्स, लेझर, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना दिसलं असतं?"

"हो, काकू."

"तू विचारलंस तेव्हा त्या डॉक्टरांनी का नाही सांगितलं?"

इतकी वर्षं त्या असं धरून चालल्या होत्या की मी विचारलं असणार. हो म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं. देवाचं नावही तोंडाशी आलं होतं, ते गिळलं.

"मी विचारलंच नव्हतं, काकू. सुटी टाकून रांगेत उभं राहायचा कंटाळा केला."