परत आलेला डबा

सेक्टर २, भिलाई
मंगळवार

प्रिय मामाजी,

सासऱ्याला 'प्रिय' लिहिणारी सून तुम्ही पहिल्यांदाच बघत असाल. आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, पण ते वाचून मलाच डोक्यावर पदर घ्यावासा वाटला आणि पुढे एक अक्षर सुचेना. म्हणून कागद बदलला. दर रविवारी आम्ही बोरसीला तुमच्याकडे जेवायला येतो, मग ही बाई पोस्टाने पत्र कशाला पाठवते, असं तुम्ही चष्मा पुसता पुसता म्हणालच. कारण साधं आहे. समोर बोलायचं तर तुमचा मुलगा शेजारी बसलेला असतो, आणि फोनवर तुम्हाला ऐकू यावं म्हणून मी इतकी ओरडते की आज आमच्याकडे भाजी कुठली हे सगळ्या ब्लॉकला कळतं. हे ब्लॉकला कळून चालणार नाही, कमलेशलाही नाही. आणि हो, पत्रात मी त्याला कमलेशच म्हणणार आहे. दरवेळी 'दामिनीचे पप्पा' लिहायचं तर शाई पुरायची नाही.

पुढच्या गुरुवारी त्याच्या हाइट पासची पुन्हा तपासणी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वेळी स्टील प्लांटमध्ये सुपरवायझर नुसता चेहरा बघून माणसाला वर पाठवायचा. आता दरवर्षी डॉक्टर बीपी, शुगर, डोळे तपासतात, अरुंद पट्टीवर चालायला लावतात आणि मगच उंचावर काम करायचा पास देतात. जानेवारीत कमलेशचं बीपी इतकं चढलेलं निघालं की डॉक्टरांनी जुन्या पासाची मुदत थोडी वाढवून दिली आणि वजन, मीठ, सगळं कमी करून पुन्हा या म्हणाले. त्या रविवारी तुम्ही जेवताना म्हणाला होतात, "मी जिंदगीभर वर राहलो, मले कोनी बीपी इचारला नाही. पास गेला त मंग खाली झाडू मारशीन का?" तुम्ही हसत म्हणालात. तोही हसला. पण परत येताना त्याने गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली.

मग आमच्या घरात मोहीम सुरू झाली. लोणचं माळ्यावर गेलं, पापड बंद, तर्री बंद. दामिनीची घरातली शाळा शिफ्टप्रमाणे चालते, ते तुम्ही पाहिलंच आहे. कमलेशची फर्स्ट शिफ्ट असेल तर तो पहाटे निघाला की आमचा पहिला तास स्वयंपाकघरात भरतो. नाइट असेल तर तो झोपलेला असतो, म्हणून सकाळभर गणित आणि लेखन, मोठ्याने वाचायचं ते संध्याकाळी. या मोहिमेत दामिनीला मी मीठखातं दिलं. दिवसाला चौघांचं मिळून नव्हे, तिघांचं मिळून किती मीठ, (आत्याबाई वारून इतके दिवस झाले, तरी सासूचा घास धरून माझा हात अजून चौघांचंच मोजतो) त्यातलं भाजीत किती, पिठात किती, हे ती चमच्याने मोजायची आणि अपूर्णांक शिकायची. वरच्या मजल्यावरच्या साहू काकूंकडून ती तांदळाचे फरे शिकून आली. नुसते वाफवायचे, तेल जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी ते इतके घट्ट झाले की कमलेश म्हणाला, "हे प्लांटमधी नेतो, नट-बोल्ट कमी पडले त कामात येतील." दुसऱ्या आठवड्यात मात्र ते माझ्यापेक्षा छान व्हायला लागले. लालभाजी, मुळ्याची भाजी, ज्वारीची भाकर, असं आमचं साधंसुधं चाललं होतं.

व्यायामाचीही तीच कोच. सेक्टरच्या मैदानावर आम्ही तिघं चालायला जायचो, ती शिट्टी घेऊन पुढे. मनगट धरून आधी स्वतःची नाडी मोजायची, मग पप्पांची, मग माझी, मग मैदानावर बसलेल्या एका कुत्र्याचीही मोजायचा प्रयत्न झाला. मी दोरीवरच्या उड्या मारताना धापा टाकायला लागले की ती म्हणायची, "मम्मी, बातें कम, साँस ज्यादा." लोक बघायचे. ब्लॉकमधल्या तिवारीबाईंनी मला थांबवून विचारलंच, "काय जी, बेबी बिमार हाय का? शाळेत नाही जाऊन राहिली?" मी म्हटलं, बिमार नाही, आमची शाळा हीच. त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ती दया मी आता ओळखते, कारण ती तुमच्याही डोळ्यांत असते मामाजी. तुम्ही मला बोलला होतात ते मी विसरले नाही. "आमाले शाळा भेटली नाही म्हून आमी लोखंड उचललं. तुमाले भेटली त तुमी पोरीले घरी बसवून ठेवली." मला राग आला होता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कमलेशने माझ्या ताटात भात वाढला, म्हणजे गप्प राहा.

त्या दिवशी न दिलेलं उत्तर आज देते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. दामिनी चौथीत असताना तिचा टिफिन रोज भरलेला परत यायचा. पराठा द्या, इडली द्या, शेवया द्या, झाकण उघडलं की सगळं जसंच्या तसं. सकाळी पोट दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. डॉक्टर झाले, जंताचं औषध झालं, आत्याबाईंनी दृष्टही काढली. शेवटी कळलं की वर्गात उभं राहून वाचताना ती अडखळायची, मुलं हसायची, आणि वाचनाचा तास डब्याच्या सुटीनंतर असायचा. मी शाळेत जाऊन बोलायचं म्हणत होते, दुसरी शाळा बघायचं म्हणत होते. कमलेश, जो साधा पंखा घ्यायचा तर महिनाभर विचार करतो, त्याने सगळं ऐकलं आणि लगेच म्हणाला, "उद्यापासून नको पाठवू." मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. मी नोकरी सोडून तिला घरी शिकवायला बसले, आणि ती हळूहळू जेवायला लागली. मोठ्याने वाचायलाही लागली. तुम्हाला पेपरातली राशी वाचून दाखवते, तेव्हा अडखळत नाही ना?

आता या मोहिमेतली मुख्य गोष्ट. फर्स्ट शिफ्टहून कमलेश दुपारी येतो तेव्हा बाकीची मुलं शाळेत असतात, आमची घरी असते. दार तीच उघडते. अगदी लहान होती तेव्हापासून तिचा एकच प्रश्न ठरलेला, "पप्पा, आज वर की खाली?" तो सांगतो, वर, किंवा खाली, आणि ती हातातला डबा घेऊन मोरीवर जाते. डबा घासणं तिचं काम. मोहीम सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत माझ्या लक्षात आलं की डबा पुष्कळदा भरलेला परत येतो आहे. विचारलं तर म्हणायचा, "कँटीनमधी खाल्लं." झालं! मी मनात पक्कं धरलं की साहेब आमची बिनमिठाची भाजी गुपचूप परत आणतात आणि तिकडे तेलात तळलेले गरम गरम आलूगुंडे हाणतात. आमची पोर चमच्याने मीठ मोजते आहे, मी त्याच्यापायी गुडघे दुखेपर्यंत उड्या मारते आहे, आणि हा माणूस आलूगुंडे खातो! एक दिवस मी त्याला सरळ बोलले, चांगलं फैलावर घेतलं. त्याने ऐकून घेतलं. पायातले सेफ्टी शूज काढत बसला.

मी आणखी बोलले असते, पण दामिनी मोरीवरून ओल्या हाताने बाहेर आली. तिला मीच शिकवलंय ना, आधी नीट बघायचं आणि मग बोलायचं. ती मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, पप्पा आलूगुंडा नाही खात. ते खाली असतात ना, त्या दिवशी डबा पूरा साफ येतो, मला घासावा पण नाही लागत. वर असले की पूरा वापस येतो. हर बार." मी म्हटलं, मग? तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मला कसं कळत नाही. "मग काय? माझा टिफिन पण असाच यायचा ना." हातातलं पातेलं मी ओट्यावर ठेवलं, मामाजी. बीपीचं मशीन आम्ही घरी आणलेलं होतं. सुटीच्या दिवशी त्याचं बीपी माझ्यापेक्षा बरं यायचं, आणि मी ते श्रेय माझ्या लालभाजीला देत होते.

संध्याकाळी दामिनीला साहू काकूंकडे पाठवून मी त्याला विचारलं. आधी त्याने उडवून लावलं. मग सांगितलं. मागच्या दिवाळीच्या आधी वर काम करताना त्याच्या शेजारचा राहुल घसरला होता. कुणाचीच चूक नव्हती, पाय गेला एवढंच. सेफ्टी बेल्ट लावलेला होता, बेल्टने धरलं, दोघा-तिघांनी ओढून घेतलं. राहुल खाली आला, चहा प्यायला, हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेला. कमलेशने मात्र त्याला हवेत लटकलेलं पाहिलं, आणि तेव्हापासून वर जायचं असलं की सकाळपासून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. हात घामेजतात. तरीही पाळी आली की तो वर जातोच. मी म्हटलं, खालचं काम मागता येत नाही का? येतं, म्हणाला. नव्या पोरांना दोर बांधायला, ओझं अडकवायला शिकवायला माणूस हवाच आहे, सुपरवायझरने स्वतःहून विचारलंही होतं. मग अडलं कुठे? त्याने बीपीचं मशीन उचलून कपाटात ठेवलं. मग म्हणाला, "बाबाले काय सांगू?"

मामाजी, मी रागाने लिहीत नाही. तुम्ही मला या घरात आणलं त्या पहिल्या उन्हाळ्यात मला गच्चीवर नेऊन प्लांटचं दूरचं धुरांडं दाखवलं होतं आणि म्हणाला होतात, त्याच्या टोकावर मी उभा राहलो हाओ, तिथून शिवनाथ नदी दिसते. मला माझ्या सासऱ्याचा अभिमान वाटला होता, अजून वाटतो. कमलेशने तर ते धुरांडं लहानपणापासून रोज पाहिलं. तुमचा मुलगा वर चढायला घाबरतो, हे तो तुम्हाला या जन्मात सांगणार नाही. गुरुवारी एक तर बीपी पुन्हा चढेल आणि नापास झाला म्हणून मान खाली घालून तो बोरसीला येईल, नाही तर कसाबसा पास होईल आणि रिकाम्या पोटी, घामेजल्या हातांनी पुढेही वर जात राहील. मला या दोन्हींची भीती वाटते, आणि दुसऱ्याची फार जास्त.

आता ज्याच्यासाठी हा सगळा कागद भरला ते. आत्याबाई शेवटच्या हिवाळ्यात माझ्याकडे होत्या, तेव्हा एकदा उन्हात वाटाणे सोलत बसलो होतो. दामिनीच्या टिफिनची गोष्ट निघाली आणि त्या सहज बोलून गेल्या, "तुह्या मामाजीचा डबा बी असाच भरल्या भरल्या वापस येत जाय, वर चढाच्या दिवशी. म्या कधी इचारलं नाही. गायीले टाकून देत जाव." मी तेव्हा हसले होते, आज ते आठवून डोळे भरून आले. तुम्हाला वाटत असेल हे कुणालाच माहीत नाही. त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते तुमच्यासाठी जपून ठेवलं. मी आज ते उघडं करते आहे, त्याबद्दल माझ्यावर रागवा, पण गुरुवारनंतर. रविवारी मी बेसनाच्या पातोडीचा रस्सा घेऊन येईन, मीठ नेहमीसारखं. जेवणं झाली की मी आणि दामिनी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊ आणि लवकर परत येणार नाही. तुम्ही त्याला पास-नापासाचं काही विचारू नका, समजावूही नका. एकदा फक्त शेजारी बसा आणि एवढंच म्हणा, "मले बी भेव लागत जाय रे."

तुमचीच सून,
हर्षा