शून्य अपघाताचं घर

२ जानेवारी, सकाळी ८.१०
रोजनिशी सुरू. घरी ठेवायची नाही. कारखान्यात, माझ्या टेबलाच्या कुलपाच्या खणात राहील.

यंदा संकल्प एकच: घरात शून्य अपघात. बारा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. चारशे माणसं आणि पत्रा दाबणारी चाळीस प्रेस मशिनं मी धडधाकट ठेवतो. तीन खोल्या आणि दोन माणसं म्हणजे किस झाड की पत्ती.

काल वर्षाचा पहिला अपघात झाला. टीव्हीचा रिमोट, डावी भुवई, दोन टाके. कारण: मी रिमोट आणि भिंतीच्या मध्ये उभा होतो. उपाय: मध्ये उभं न राहणे. शिवाय रिमोटला जाड रबरी कव्हर.

डॉक्टरांना सांगितलं, कपाटाचं दार लागलं. म्हणाले, मागच्या वेळीही कपाटच होतं. म्हटलं, जुनं कपाट आहे.

६ जानेवारी
रबरी कव्हर बसवलं. रिमोट आता फार छान उसळतो. काल एकाच फेकीत दोनदा लागला, एकदा येताना आणि एकदा भिंतीवरून परत जाताना. कव्हर काढून टाकलं.

९ जानेवारी
काचेचे सगळे ग्लास काढून प्लास्टिकचे आणले. हिने विचारलं, हे काय भिकाऱ्यासारखं? म्हटलं, वजनाला हलके. ही शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, तिला पटवून सांगावं लागतं. पटलं नाही. पण ग्लास लागला तेव्हा खरंच काही झालं नाही. प्रयोग यशस्वी.

१० जानेवारी
ग्लास लागत नाही हे तिच्याही लक्षात आलं. कुकरचं झाकण.

१८ जानेवारी
आज कारखान्यात धमाल. स्टोअरकीपरच्या बायकोने सकाळच्या पाळीला, गेटवर, सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने खाली पडलेला डबा उचलला आणि आत आला.

कँटीनमध्ये हसून हसून पुरेवाट झाली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. त्याला 'मांजर' हे नाव मीच पाडलं. संध्याकाळपर्यंत सगळं प्रेस शॉप त्याला म्याव म्याव करत होतं. मला थोडं वाईट वाटलं, पण पुरुषाने अशी वेळ येऊच का द्यावी? थोडा तरी वचक पाहिजे.

माझी गोष्ट वेगळी आहे. मी ठरवून हात उचलत नाही. म्हणजे सूत्रं माझ्याच हातात आहेत.

२१ जानेवारी
ऑफिसच्या ग्रुपवर जोक आला. बायको दाराआड लाटणं घेऊन उभी, नवरा चप्पल हातात घेऊन चोरपावलांनी येतोय. मी हसणारे चेहरे टाकले, पाच.

नंतर विचार केला. जोकमध्ये नेहमी लाटणंच असतं. आमच्याकडे लाटणं कधीच नसतं. आणि जोकमधल्या माणसाला रक्त येत नाही.

२ फेब्रुवारी, दुपारी, कारखान्यात
अपघात मोठा. रीतसर तपास केला. आमची पद्धत अशी की एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं.

दंड का भाजला? गरम इस्त्री लागली.
इस्त्री का लागली? दंड तिथे होता.
दंड तिथे का होता? तोंड झाकलं होतं.
तोंड का झाकलं होतं? ही मारत होती.
ही का मारत होती? माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं आणि मी ते आधी सांगितलं नव्हतं.

मूळ कारण: बटण.
उपाय: सगळ्या शर्टांची बटणं दुहेरी दोऱ्याने पक्की करून घेणे.

तपास पूर्ण झाल्यावर बरं वाटलं. मलम तिनेच लावलं. फुंकर घालत होती आणि रडत होती. म्हणाली, तू मला असं करायला लावतोस. मी तिची समजूत काढली. एका हातानेच काढावी लागली.

५ फेब्रुवारी
सगळी बटणं पक्की. अठरा शर्ट.

६ फेब्रुवारी
बटणांचा काही संबंध नव्हता. आज चहा गार झाला होता.

११ फेब्रुवारी
दादाला फोन केला. सहज. बोलता बोलता म्हटलं, ही जरा तापट आहे. तो म्हणाला, मग एक ठेवून दे ना, हातात बांगड्या भरल्यात का? मग आईने फोन घेतला. तिने सांगितलं, बाईचं असं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. मी म्हटलं, बोलणं नाही गं. ती म्हणाली, मग काय? मी म्हटलं, काही नाही.

बाबा आईला मारायचे तेव्हा शेजारी म्हणायचे, घरातली बाब आहे. आपलं ऐकलं तर शेजारी हसतील. म्हणजे आईपेक्षा माझं बरं चाललंय, निदान लोकांची करमणूक होते.

१६ फेब्रुवारी
पोलीस चौकीवर गेलो. स्वतःसाठी नाही, एका मित्रासाठी सल्ला घ्यायला. मित्राची बायको त्याला मारते, असं सांगितलं. हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि आतल्या दोघांना हाक मारून बोलावलं, म्हणाला, या या, ऐका. मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मित्राची उंची विचारली. मित्राच्या बायकोची उंची विचारली. मग म्हणाला, तुमच्या मित्राला म्हणावं, दूध पीत जा.

मीही हसलो. मित्र आहेच तसा.

२३ फेब्रुवारी
डाव्या कानात शिट्टी वाजतेय, परवापासून. परवा ही स्वयंपाकघरात मागून आली, मला दिसली नाही. उघड्या पंजाने, पूर्ण ताकदीने. खाली बसलो तर पाठीत लाथा, चार की पाच. मी फरशीवरच्या डागाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की संपेल, संपेल. म्हणाली, सांग जाऊन लोकांना, एवढा मोठा घोडा, कोण विश्वास ठेवेल?

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. हिच्या किल्लीचा आवाज दारात आला की मी टीव्ही बंद करून उभा राहतो. हे खोडायला हवं. राहू दे, कोण वाचतंय.

३ मार्च
वार्षिक तपासणीत सगळ्यांचे कान तपासले. कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. मशिनच्या आवाजाने असा फाटत नाही, जोराचा दणका बसलाय. दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू विचारलं, कोणी मारलं?

कोणी इतकं नीट विचारलं नव्हतं मला. तोंड उघडलं.

आणि म्हणालो, स्टोअरमध्ये हवेचा पाइप फुटला, कानाजवळ. कसं सुचलं कोण जाणे. हजरजबाबीपणा आपल्यात पहिल्यापासून आहे.

बाईंनी खुर्ची परत मागे ओढली. मग फॉर्म भरला: कामावरचा अपघात.

४ मार्च
एक गोष्ट ध्यानात राहिली नव्हती. कामावरचा अपघात म्हटला की चौकशी होते आणि चौकशी सेफ्टी ऑफिसर करतो. म्हणजे मी.

गेटवरच्या फळ्यावर अपघाताविना दिवस ३४१ होते. माझ्या हाताने पुसून शून्य केले. वॉचमन हळहळला.

६ मार्च
स्टोअरकीपर केबिनमध्ये आला. दार लोटलं. टेबलावर स्टोअरचं रजिस्टर उघडून नुसतं बोट ठेवलं. हवेचा पाइप महिनाभर बाहेर दुरुस्तीला गेलाय. स्टोअरमध्ये पाइप नव्हताच.

मी म्हटलं, रजिस्टर चुकीचं असेल. त्याने माझ्या कानाकडे बघितलं, भुवईकडे बघितलं, बाहीतून डोकावणाऱ्या इस्त्रीच्या डागाकडे बघितलं. मग म्हणाला, साहेब, माझी मागल्या वर्षी बरगडी मोडली होती. मी मोटरसायकल घसरली असं सांगितलं होतं. मला मोटरसायकल चालवता येत नाही.

मी भडकलो. वरिष्ठांशी कसं बोलावं ते शिका म्हटलं. मेमो देईन म्हटलं. आवाज एवढा चढला की बाहेरचा क्लार्क डोकावला. स्टोअरकीपर गेल्यावर मेमो लिहायला घेतलेले दोन कागद फाडले. रागाने, अर्थात.

१० मार्च
चौकशी पार पडली. मॅनेजर, युनियनचा माणूस आणि मी. जखमी म्हणून मीच उत्तरं दिली, अधिकारी म्हणून मीच ती लिहून घेतली. एकदा तर मी स्वतःला प्रश्न समजला नाही असं सांगून पुन्हा विचारायला लावला. मॅनेजर म्हणाले, किती निःपक्षपाती!

मग स्टोअरकीपरला बोलावलं. रजिस्टर त्याच्या काखेत होतं. आता हा उघडणार, सगळ्यांना कळणार, चारशे माणसं म्याव म्याव करणार.

त्याने रजिस्टर उघडलं नाही. म्हणाला, हो, पाइप माझ्याच हातून फुटला. सही केली. तीन महिने बिनपगारी घरी.

नंतर जिन्यात गाठून मी विचारलं, का? म्हणाला, चारचौघांत आपली अब्रू गेली की काय होतं ते मला गेटवर कळलंय, तुमच्यावर कशाला ती वेळ आणू? चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. बायकोपासून वेगळा राहतो आता. म्हणाला, खोली लहान आहे, पण एक खाट रिकामी आहे. कधीही या.

मी रडलो असतो. पण युनियनचा माणूस जिना उतरत होता, म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी पाइप सांभाळून हाताळा.

११ मार्च
त्या खाटेची मला काय गरज? तरी नंबर कालच इथे शेवटच्या पानावर उतरवून ठेवला, फक्त नोंद म्हणून. चिठ्ठी घरी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

संकल्प: पुढच्या आठवड्यात मॅनेजरना खरं सांगायचं. त्या माणसाचा पगार चालू करायचा. ठरलं म्हणजे ठरलं.

१९ मार्च
मॅनेजर रजेवर. नाहीतर सांगितलंच असतं.

२४ मार्च
मॅनेजर आले. पण मूड बरा दिसला नाही. सोमवारी नक्की. सांगताना कोणता शर्ट घालायचा तेही ठरवलंय.

२९ मार्च
अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहितोय.

चिठ्ठी हिला त्याच दिवशी सापडली होती. इतके दिवस जपून ठेवली होती. काल पुढ्यात धरून विचारलं, कोण आहे ही? मी म्हटलं, ही नाही, तो. माझा उजवा हात दाराच्या फटीत होता. हिने दार लावलं आणि लावून धरलं. अंगाचा सगळा भार टाकून धरलं. तीन बोटं. मी ओरडलो तर म्हणाली, ओरडू नकोस, शेजारी काय म्हणतील. मी ओरडायचं थांबवलं.

डॉक्टरांना म्हटलं, दार लागलं. पहिल्यांदाच खरं सांगितलं, आणि तेच त्यांना खोटं वाटलं.

३० मार्च, सकाळी ११.२०
कारखान्याच्या फोनवरून नंबर लावला. सगळं पाठ केलं होतं. खाट रिकामी आहे का, आज संध्याकाळी येऊ का, आणि माफ करा. तीन वाक्यं.

त्याने उचलला. माझा आवाज लगेच ओळखला. म्हणाला, बोला साहेब.

मी विचारलं, स्टोअरच्या मागच्या रॅकची चावी कुठे ठेवली आहे? म्हणाला, खिळ्यावर. मग म्हणाला, अजून काही?

म्हटलं, नाही, एवढंच.

तो फोन ठेवेना. मीच ठेवला. चावी खिळ्यावरच होती.